ओठ आणि शब्द यांची गाठ

इंदूर, बडोदे, दिल्ली किंवा बंगळूर येथील एखाद्या मराठी कुटुंबात पंधरा-वीस वर्षांपूर्वी झालेल्या विवाहाची दृश्य-तबकडी, म्हणजे डीव्हीडी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवलेली असते. नव्या संगणकांना तबकडी घालण्याची खाचच बहुधा उरलेली नाही. म्हणून घरातील एखादा तरुण कोठून तरी वाचनयंत्र मागून आणतो आणि त्या तबकडीचे संगणकीय फाइलीत रूपांतर करतो. रात्री जेवणे आटोपल्यावर सारे कुटुंब ती पाहावयास बसते. पडद्यावर अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्र्याचे गाल फुगतात. पण सनईचा सूर मात्र क्षणभर थांबून मग निघतो. एवढ्याने कोणाचे फारसे अडत नाही. पुढे आजी दिसतात. त्या आता हयात नाहीत. नातसुनेचा हात हातात घेऊन त्या काही सांगत आहेत. ओठ हलून थांबतात आणि शब्द मागाहून येतात. चित्र स्वच्छ आहे, आवाजही स्वच्छ आहे. परंतु आजी बोलत आहेत असे काही केल्या वाटत नाही. पडद्याआडून दुसरेच कोणी त्यांच्या वतीने बोलत आहे असा भास होतो.

दोष पाव सेकंदाचा, पण त्याने माणूस परका होतो. अशा वेळी घरात दोन प्रकारची मते निघतात. तबकडी जुनी झाली, आता तिचे काही होणे नाही, हे एक मत. दिसेल ते बटण दाबून पाहावे, केव्हा तरी जमेल, हे दुसरे. वस्तुतः दोन्ही मते चुकीची आहेत. हा दोष बहुतेक वेळा घरच्या घरी दूर करता येतो; मात्र वैद्यकात जसे निदान आधी आणि औषध नंतर, तसेच येथेही आहे. चित्र व ध्वनी यांची फारकत तीन प्रकारांनी होते आणि तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यास लावला तर दोष हटत नाहीच, उलट तो वाढतो.

हे अंतर माणसाला इतके का जाणवते, हे प्रथम पाहिले पाहिजे. नदीच्या पलीकडच्या काठावर धोबी कपडे आपटतो तेव्हा हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. प्रकाश तत्काळ पोहोचतो. ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने चालतो. शंभर मीटरांवरील आवाजाला त्यामुळे पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो. जन्मापासून हेच पाहत आल्यामुळे ध्वनी थोडा उशिरा आला तर मन ते खपवून घेते. परंतु हात आपटण्यापूर्वीच आवाज आला, असे सृष्टीत कधीही घडत नाही. म्हणून पुढे धावणारा ध्वनी मनाला फार लवकर खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली केलेल्या शिफारशीत या गोष्टीची मापे दिलेली आहेत. ध्वनी चित्राच्या पुढे असेल तर सुमारे ४५ मिलिसेकंदांपासून आणि मागे असेल तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपासून प्रेक्षकाला फरक ओळखू येतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. भारतात रूढ असलेल्या दूरदर्शन-पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखविली जातात; म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचे. ध्वनी जेमतेम एका चित्राच्या अंतराने पुढे गेला की दोष ध्यानात येऊ लागतो.

डोळ्याने पाहिलेले ओठ आणि कानाने ऐकलेला शब्द यांचे नाते तर याहून घनिष्ठ आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या संशोधकांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘ग’ म्हणणाऱ्या व्यक्तीच्या चित्राला ‘ब’ या उच्चाराचा ध्वनी जोडला, तेव्हा पुष्कळ श्रोत्यांना ‘ब’ही ऐकू आला नाही आणि ‘ग’ही नाही, त्यांना ‘द’ ऐकू आला. माणूस नुसत्या कानाने ऐकत नाही, डोळ्यांनीही ऐकतो, असाच याचा अर्थ. आजींचे शब्द ओठांपासून सुटले की ते आजींचे वाटेनासे होतात, याचे मूळ येथे आहे.

चित्र आणि ध्वनी यांची ही फारकत काही आजची नव्हे. अमेरिकेत ६ ऑगस्ट १९२६ रोजी ‘डॉन वॉन’ हा चित्रपट व्हिटाफोन पद्धतीने दाखविण्यात आला. तीत चित्र फितीवर असे आणि ध्वनी सोळा इंची ग्रामोफोनच्या तबकडीवर. दोन्ही यंत्रे एकमेकांना जोडलेली असत. फीत तुटली आणि चार चौकटी वाया गेल्या, तर फीत चिकटविताना तितक्याच काळ्या चौकटी मध्ये घालाव्या लागत. नाही तर तेथून पुढे सारे संवाद चुकत. पुढे ध्वनी चित्राच्याच फितीवर, तिच्या कडेला छापण्याची पद्धत रूढ झाली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला तो अशाच पद्धतीचा होता. चित्र व ध्वनी एकाच पट्टीवर बांधले गेल्यामुळे एक ओढला की दुसरा आपोआप ओढला जाई. दृश्य-तबकडीत ही प्रत्यक्ष बांधणी पुन्हा सुटली आहे.

जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबर महिन्यात बाजारात आलेल्या डीव्हीडीवर चित्राचे आणि ध्वनीचे लहान लहान पुडके एकाआड एक ठेवलेले असतात. कोणते चित्र कोणत्या ध्वनीबरोबर दाखवावयाचे, हे त्या पुडक्यांच्या क्रमावरून ठरत नाही. त्यांच्यावर मारलेल्या वेळेच्या शिक्क्यांवरून ठरते. सेकंदाचे नव्वद हजार भाग कल्पून त्या मापाने हे शिक्के दिलेले असतात. कचेरीत टपाल कोणत्याही क्रमाने हाती आले तरी त्यावरील दिनांक पाहून ते लावता येते, तसाच हा प्रकार आहे. तबकडी चालविणारे यंत्र शिक्के वाचते आणि दोन्ही गोष्टी वेळेवर सादर करते. पण रूपांतर करणारा साधन-कार्यक्रम पुष्कळदा चित्र आणि ध्वनी यांच्या दोन वेगळ्या फाइली करतो, शिक्के टाकून देतो आणि मग दोन्ही फाइली आरंभाशी आरंभ लावून पुन्हा जोडतो. येथेच गाठ सुटते. ‘एव्हीआय’ या जुन्या फाइल-प्रकारात असे शिक्के ठेवण्याची सोयच नव्हती. २००२ साली सुरू झालेल्या ‘मात्रोस्का’ प्रकारात, म्हणजेच ज्यांच्या नावापुढे ‘एमकेव्ही’ असते अशा फाइलींत, ते जपले जातात. म्हणून रूपांतर करताना प्रथम हाच प्रकार निवडणे शहाणपणाचे ठरते.

निदानास आरंभ करण्यापूर्वी दोन कामे केली पाहिजेत. पहिले काम म्हणजे मूळ तबकडीची जशीच्या तशी संगणकीय प्रतिमा उतरवून घेणे आणि सारे प्रयोग त्या प्रतिमेवरच करणे. दुसरे काम दोष नेमका कोठे आहे हे पाहण्याचे. आजकालचे दूरचित्रवाणी-संच चित्रावर बरेच संस्कार करतात आणि त्यात चित्राला उशीर होतो. बिनतारी कर्णयंत्रांत ध्वनीला उशीर होतो. म्हणून मूळ तबकडी आणि नवी फाइल एकाच संगणकावर, त्याच्याच तारेने जोडलेल्या ध्वनिक्षेपकावर वाजवून पाहावी. तबकडी बरोबर आणि फाइल चूक असेल तर दोष रूपांतरात आहे. दोन्हींत सारखीच चूक असेल तर ती चित्रीकरणाच्या किंवा संकलनाच्या वेळचीच आहे. दोन्ही बरोबर असतील तर फाइलीला हात लावू नये. दोष संचाचा आहे.

यानंतर खुणा शोधावयाच्या. चित्रपटाच्या चित्रीकरणात प्रत्येक दृश्याच्या आरंभी लाकडी पाटीचा ठोका वाजवितात, तो याचसाठी. पाटी मिटलेली दिसते आणि ठोका ऐकू येतो, त्या दोहोंची जुळणी करता येते. लग्नाच्या चित्रणात पाटी नसते, पण ठोके पुष्कळ असतात. टाळी, ताशावर पडणारी काठी, फुटणारा नारळ, खाली ठेवलेले भांडे, यांपैकी काहीही चालते. तेही नसेल तर बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहावे. आपल्या वर्णमालेतील प, फ, ब, भ, म हे वर्ण ओष्ठ्य आहेत. ओठ पूर्ण मिटल्याशिवाय ते उच्चारताच येत नाहीत. ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापड’ असा एखादा शब्द हेरावा आणि ओठ मिटून उघडतात तो क्षण व शब्द ऐकू येतो तो क्षण यांतील अंतर पाहावे. व्हीएलसी या विनामूल्य साधनात चित्र चालू असतानाच ध्वनी थोडा थोडा मागे-पुढे सरकविता येतो. ओठ आणि शब्द जुळले की साधन तो आकडा मिलिसेकंदांत दाखविते. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा.

मात्र एका ठिकाणी मोजून थांबू नये. सर्वांत अधिक चूक येथेच होते. आरंभाजवळ एक, मध्यावर एक आणि शेवटाजवळ एक, अशी किमान तीन ठिकाणे मोजावी. या तीन आकड्यांत निदान आले.

तिन्ही आकडे सारखे आले, उदाहरणार्थ सर्वत्र ध्वनी २४० मिलिसेकंद पुढे असला, तर दोष सर्वांत साधा आहे. मूळ तबकडीत ध्वनीचा आरंभ चित्रानंतर २४० मिलिसेकंदांनी होत होता; शिक्के गेल्यामुळे दोन्ही एकदम सुरू झाले. येथे ध्वनी सबंधच्या सबंध तेवढा मागे सरकविला की काम झाले. एमकेव्हीटूलनिक्स या साधनात ध्वनीच्या नोंदीपुढे विलंबाचा आकडा भरावयाचा असतो. ध्वनी पुढे धावत असेल तर धन आकडा, मागे पडत असेल तर ऋण आकडा. या कृतीत चित्र पुन्हा घडविले जात नाही, केवळ वेळेचे शिक्के बदलतात; म्हणून गुणवत्तेत तिळमात्र उणेपणा येत नाही.

तिन्ही आकडे क्रमाने वाढत गेले तर दोष वेगाचा आहे. दोन घड्याळे एकाच वेळी लावली, पण एक जरा जलद चालले, म्हणजे सायंकाळी जे होते तेच येथे झालेले असते. कारणे अनेक आहेत. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठविलेली तबकडी तेथील पद्धतीची असते. १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणी स्वीकारताना तेथे रंगाचा आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत मिसळू नये म्हणून सेकंदाला ३० चित्रांचा वेग किंचित कमी करून २९.९७ करण्यात आला. रूपांतर करणाऱ्या साधनाने तो पूर्ण ३० धरला तर तासाभराचे चित्र ३.६ सेकंद आधीच संपते आणि ध्वनी तितका मागे राहतो. जुन्या व्हिडिओ-फितीवरून तबकडी तयार केली असेल, तर त्या वेळी चित्र पकडणाऱ्या आणि ध्वनी पकडणाऱ्या उपकरणांची अंतर्गत घड्याळे जुळलेली नसण्याचा संभव असतो. दहा हजारांत एक एवढा फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंद चूक होते. आणखी एक कारण सीडीवरील जुन्या चित्रणात, म्हणजे व्हीसीडीत आढळते. तिच्यावर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, तर डीव्हीडीवरील ध्वनीचे सामान्यतः ४८,०००. पहिल्याला दुसरा समजून वाजविले तर तासाभराचा ध्वनी सुमारे ५५ मिनिटांतच संपतो आणि आवाजही चढतो. आजोबांचा भारदस्त आवाज एखाद्या मुलासारखा पातळ होऊन बसतो. हे लक्षण इतके स्पष्ट आहे की त्यास मोजणीची गरज नाही.

वेगाच्या दोषावर सरकविण्याचा उपाय व्यर्थ आहे. आरंभ जुळवावा तर शेवट बिघडतो, शेवट जुळवावा तर आरंभ बिघडतो. येथे ध्वनीची लांबीच बदलावी लागते आणि त्याचे गणित त्रैराशिकाइतके सोपे आहे. समजा, पाचव्या मिनिटाला ध्वनी ०.१ सेकंद मागे आहे आणि पंचावन्नाव्या मिनिटाला २.१ सेकंद मागे आहे. मधली पन्नास मिनिटे म्हणजे ३,००० सेकंद. चित्राला जेथे ३,००० सेकंद लागले तेथे ध्वनीला ३,००२ लागले. म्हणून ध्वनीची लांबी ३,००२ भागिले ३,००० या प्रमाणात कमी करावयाची. ऑडॅसिटीसारख्या ध्वनि-संपादनाच्या साधनात हे प्रमाण देता येते आणि इतक्या अल्प बदलाने आवाजाच्या उंचीत कानाला फरक कळत नाही. लांबी दुरुस्त केल्यावर पुन्हा तीन ठिकाणी मोजावे. बहुधा तिन्ही आकडे सारखे येतात, म्हणजे दोष आता पहिल्या प्रकारचा उरला. तो ध्वनी सरकवून दूर होतो. येथे क्रम महत्त्वाचा आहे: प्रथम वेग, मग विलंब.

तिसरा प्रकार अधिक खट्याळ आहे. वीस मिनिटांपर्यंत सारे बरोबर असते आणि मग एकाएकी फरक पडतो. पुढे तो तसाच राहतो किंवा आणखी एका ठिकाणी उडी मारतो. हा बहुधा ओरखड्यांचा परिणाम असतो. डीव्हीडीवर डॉल्बी पद्धतीचा ध्वनी असल्यास त्याचा प्रत्येक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा असतो. ओरखड्यामुळे दहा तुकडे वाचता आले नाहीत आणि साधनाने पुढचे तुकडे निमूटपणे मागच्यांना जोडले, तर तेथून पुढे ध्वनी ३२० मिलिसेकंद पुढे जातो. यावर पहिला उपाय अर्थातच तबकडी स्वच्छ करण्याचा. मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोल गोल पुसू नये, कारण वर्तुळाकार ओरखडे यंत्राला फार जड जातात. मग शक्य तर दुसऱ्या वाचनयंत्रात घालून पुन्हा प्रतिमा उतरवावी. एका यंत्राला न वाचता आलेले पुष्कळदा दुसऱ्याला वाचता येते.

तरीही तुकडे गेलेच असतील, तर जेथे उडी पडली ते ठिकाण शोधून तेथे तेवढ्याच काळाची शांतता घालावी. व्हिटाफोनच्या काळात तुटलेल्या फितीत काळ्या चौकटी घालीत, तोच हा न्याय. गेलेले परत येत नाही; पण गेलेल्याची जागा राखून ठेवली म्हणजे उरलेले आपापल्या ठिकाणी राहते. उडीचे आणखी एक कारण टाळता येण्यासारखे आहे. डीव्हीडीवरील चित्रण एकेक गिगाबाइटच्या आतील अनेक फाइलींत विभागलेले असते. त्या फाइलींचे एकेक करून रूपांतर केले आणि शेवटी ते तुकडे जोडले, तर प्रत्येक सांध्यावर थोडी चूक साठत जाते. म्हणून सबंध चित्रणाचे एकदमच रूपांतर करावे.

हे सारे विवेचन घरगुती तबकड्यांपुरतेच आहे, हेही स्पष्ट केले पाहिजे. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकड्यांवर बहुधा नक्कल-प्रतिबंधक कुलूप असते आणि भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अशी कुलुपे दुसऱ्याच्या हक्काचा भंग करण्याच्या हेतूने तोडण्यास शिक्षा सांगितली आहे. लग्न, मुंज, सत्कार, शाळेचे स्नेहसंमेलन यांच्या घरगुती तबकड्यांना असे कुलूप सहसा नसते आणि खरी निकडही त्यांचीच आहे. चित्रपटाची दुसरी प्रत कोठे तरी मिळेल. आजींच्या बोलण्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. शिवाय या घरगुती तबकड्या कारखान्यात छापलेल्या नसून एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेसर किरणाने लिहिलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो रंग हळूहळू विटतो. कपाटात जपून ठेवलेली तबकडीही म्हणून कायमची नव्हे. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या साठवण-यंत्रावर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे, अशी व्यवस्था केलेली बरी. दुरुस्त केलेल्या फाइलीबरोबर मूळ प्रतिमाही ठेवावी. दुरुस्तीत काही चुकले असेल तर पुढच्या पिढीला ती नव्याने करता येईल.

या कामाला यंत्रज्ञ लागत नाही. एक कागद, एक पेन्सिल, तीन ठिकाणची मोजणी आणि थोडा धीर एवढ्यावर ते होते. आकडे सारखे असले तर सरकवावे, वाढत असले तर लांबी बदलावी, उडी असली तर जागा भरावी. कुटुंबातील तरुणाने एखादा रविवार यासाठी खर्च केला, तर संध्याकाळी सगळे पुन्हा पडद्यासमोर बसतील. अक्षता पडतील त्याच क्षणी सनई निघेल. आणि आजी नातसुनेचा हात हातात घेऊन बोलू लागतील तेव्हा, त्या काय म्हणाल्या याकडेच साऱ्यांचे लक्ष राहील. ओठांकडे कोणी पाहणार नाही.